कायमचा पत्ता

बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली. त्या काळात खाते उघडण्याचे किती अर्ज डोळ्यांखालून गेले असतील त्याची गणती नाही. त्या अर्जात दोन रकाने असत. एक 'सध्याचा पत्ता' आणि दुसरा 'कायमचा पत्ता'. पहिला रकाना लोक झटक्यात भरत. दुसऱ्यापाशी मात्र पेन हटकून थबके. मुंबईत अख्खा जन्म काढलेला गिरणी कामगार तिथे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीचे नाव लिहीत असे. त्या वाडीतले त्याचे घर कधीच बसलेले असायचे. माझ्या स्वतःच्या नोकरीच्या कागदपत्रांत निवृत्त होईपर्यंत कायमचा पत्ता म्हणून वडिलांचे गाव होते. तिथे आमचे म्हणावे असे फक्त आंब्याचे एक झाड उरले होते, आणि त्याचेही आंबे चुलतभाऊच उतरवून घेत असे.

हा रकाना ज्याला भरताच आला नसता असा माणूस मला २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भेटला. अमेरिकेत, ॲरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर.

आमची मुलगी फिनिक्सजवळच्या चँडलर या गावी असते. ऑक्टोबरात तिथल्या शाळांना सुटी असते. नातवंडांना घेऊन कुठेतरी जायचे म्हणून जावईबापूंनी एक 'आरव्ही' भाड्याने आणली. आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर. पंचवीस फूट लांबीच्या त्या गाडीत झोपायला पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, जेवणाचे टेबल आणि न्हाणीघरासकट सगळे काही होते. हिने आत पाऊल टाकताच आधी ओट्याची उंची पाहिली, मग कपाटे उघडून पाहिली आणि म्हणाली, "सावंतवाडीच्या आपल्या स्वयंपाकघरापेक्षा मोठं आहे हो." ते खरेच होते.

तिथे अशा गाड्यांसाठी 'ट्रेलर व्हिलेज' नावाचा तळ आहे. प्रत्येक गाडीला नेमून दिलेली जागा, आणि त्या जागेवर तीन जोडण्या. वीज, पाणी आणि सांडपाणी. या तिसऱ्या जोडणीपाशी आमचे घोडे अडले. गाडीच्या पोटात सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी एकीत, शौचालयाचे दुसरीत. टाक्या रिकाम्या करताना क्रम पाळायचा असतो. आधी शौचालयाची, मग आंघोळीची. म्हणजे दुसऱ्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यात मुरलेल्या आमच्या जावयाने नेमका उलटा क्रम लावला. पुढचे वर्णन रविवारच्या पुरवणीत नको. एवढेच सांगतो, की शेजारच्या गाडीतून एक उंच, किंचित वाकलेला म्हातारा हातात रबरी मोजे चढवत बाहेर आला, आणि एकही शब्द न बोलता त्याने दहा मिनिटांत सगळे निस्तरले. मग मोजे काढून, हात धुऊन, तो हसून म्हणाला, "पहिल्या दिवशी माझ्याकडूनही हेच झाले होते."

संध्याकाळी आम्ही त्या दोघांना चहाला बोलावले. आले घातलेला चहा बाईंना आवडला, त्यांनी दुसरा कप मागून घेतला. तो ओहायो राज्यात रस्ते दुरुस्ती खात्यात नोकरीला होता, त्या शाळेच्या ग्रंथपाल होत्या. २०११ साली त्यांनी राहते घर विकले, चौतीस फुटांची मोटार-घराची गाडी घेतली, तिच्यामागे ओढायला एक छोटी मोटार जोडली आणि निघाले. तेव्हापासून अकरा वर्षे याच गाडीत राहत होते. हिवाळ्यात दक्षिणेकडे, उन्हाळ्यात उत्तरेकडे. जिथे जातील तिथे डोंगर चालायचे. दोघांच्याही काठ्या दाराशी टेकवून ठेवलेल्या होत्या, त्यांची टोके झिजून बोथट झाली होती.

माझ्यातला बँकवाला जागा झाला. मी विचारले, "मग तुमचा पत्ता काय? बँकेत काय लिहिता?" तर कळले, की साउथ डकोटा राज्यात यासाठी रीतसर सोय आहे. त्या राज्यात एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवायची आणि टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या एखाद्या कंपनीकडे पत्ता घ्यायचा. मग वाहन परवाना मिळतो, आणि तेव्हा मतदार यादीतही नाव नोंदवता येत असे. एका रात्रीच्या पावतीवर कायमचा पत्ता! आमच्याकडे तीन वर्षे भाड्याने राहिलेल्या माणसाला गॅसच्या जोडणीसाठी किती उंबरे झिजवावे लागत, ते मला आठवले. पण खरे नवल वेगळेच होते. त्या म्हाताऱ्याला त्या पत्त्याविषयी काडीचे ममत्व नव्हते. "तो कागदासाठी आहे," असे म्हणून त्याने विषय संपवला.

वाचकांना वाटेल, श्रीमंतांचे चोचले आहेत सगळे. तसे ते नव्हते. ते पेन्शनवर जगणारे साधे जोडपे होते. अशी मोठी गाडी लिटरला जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर जाते, म्हणून ते महिन्यातून दोन-तीनदाच जागा बदलत. बासष्ट वर्षांवरील नागरिकांना तिथे राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म पास मिळतो. २०१७ पर्यंत तो फक्त दहा डॉलरला मिळत असे, नंतर ऐंशीला. यांनी दहालाच घेतलेला होता, आणि ही गोष्ट त्याने मला दोनदा सांगितली. आमच्या गाडीला आत शिरायला पस्तीस डॉलर पडले होते, हे मी त्याला एकदाही सांगितले नाही.

सगळेच असे हौसेने चाकांवर येत नाहीत, हेही इथेच सांगायला हवे. २०२१ साली ऑस्कर मिळालेला 'नोमॅडलँड' हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंच्या २०१७ सालच्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. २००८ च्या मंदीनंतर ज्यांची घरे गेली, पुंजी गेली, अशी साठी-सत्तरीची माणसे व्हॅनमध्ये राहून गोदामांत, छावण्यांत हंगामी कामे करत फिरतात, त्यांची ती कहाणी. दुरून पाहिले तर दोघांचीही घरे चाकांवरच. आपल्याकडे नगर-बीडच्या शाखांत असताना मी ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या दरसाल पाहत असे. गाडीत भांडीकुंडी, कोंबड्या, वर लेकरे. तेही चाकांवरचेच घर. त्याला कुणी पर्यटन म्हणणार नाही. उचल मुकादमाने दिलेली असते, निघण्याची तारीख कारखान्याची असते.

फरक चाकांत नसतो. 'चला' हा शब्द कोणी उच्चारला, त्यात असतो. मला हे सुचायला त्या दरीत उतरावे लागले, आणि तेही मला सुचले नाही, हिला सुचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघांबरोबर आम्ही ब्राइट एंजल नावाच्या वाटेने खाली निघालो. मुलगी-जावई पोरांना घेऊन काठावरच्या सपाट वाटेने गेले. आम्हा सिंहगडवाल्यांना ही दरी पहिल्या पावलालाच चकवते. गडावर आधी चढायचे असते. दम लागला की माणूस थांबतो, आणि परतीचा उतार सोपा असतो. इथे सगळे उलटे. सकाळच्या थंड हवेत, ताज्या पायांनी उतरत जायचे, मजेत गप्पा मारत. चढ नंतर येतो, उन्हात, थकल्यावर. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा, असे उद्यानाचे रक्षक बजावून सांगतात. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा प्रयत्न करू नका, अशा पाट्या जागोजाग आहेत. काठापासून नदी चार हजार फुटांहूनही खाली आहे. दर वर्षी जवान, धडधाकट माणसांना तिथून सोडवून आणावे लागते, कारण वळायचे कुठे हे त्यांना वेळेवर कळत नाही.

उतरता उतरता म्हातारा समोरचे सुळके दाखवत होता. ती नावे ऐकून मी चमकलो. विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल, बुद्ध टेंपल. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास या दरीची पाहणी केली. त्याला हे कडे देवळांच्या शिखरांसारखे दिसले, आणि त्याने पौर्वात्य देवतांची नावे द्यायला सुरुवात केली. पुढच्यांनी तीच रीत चालवली. दरीच्या अगदी तळाशी जो काळाभोर, सुमारे पावणेदोन अब्ज वर्षांपूर्वीचा खडक आहे, त्यालाही विष्णूचेच नाव आहे. एका सुळक्याला तर मनूचे नाव आहे. मनू टेंपल.

मनूचे नाव ऐकून वानप्रस्थ आठवल्यावाचून राहील असा मराठी लेखक विरळा. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले, नातवंडाचे तोंड पाहिले, की माणसाने घर सोडून वनात जावे असे स्मृती सांगते. मी मोठ्या उत्साहाने त्या दोघांना हे सांगितले. आमच्याकडे हजारो वर्षांपूर्वी तुमचाच कार्यक्रम लिहून ठेवला आहे म्हटले. बाईंनी शांतपणे विचारले, "आणि बायकोने काय करायचे?" मी आठवून सांगितले, की तिला मुलांच्या हवाली करावे किंवा बरोबर न्यावे. "म्हणजे दोन पर्याय आहेत," त्या म्हणाल्या. "पण ते तिचे नाहीत." ही मोठ्याने हसली. मीही हसलो, पण जरा उशिरा.

दीड मैलावर दगडी विसावा आहे. तिथवर साधारण अकराशे फूट उतार होतो. आणखी तीन मैल खाली गेले, की कॉटनवुडच्या झाडांचा एक हिरवा पट्टा लागतो. वरून तो दिसत होता. तेव्हा नकाशात त्याचे नाव 'इंडियन गार्डन' होते. पिढ्यान् पिढ्या तिथे हवासुपाई जमातीची माणसे शेती करून राहत होती. १९१९ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्यांना हुसकावण्यात आले. शेवटचा रहिवासी १९२८ साली गेला. आम्ही परतल्यावर पुढच्याच महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्या जागेला 'हवासुपाई गार्डन्स' हे नाव अधिकृतपणे मिळाले. नाव परत मिळाले. पत्ता काही परत मिळाला नाही.

आम्हाला वाटले होते, की ही कसलेली माणसे त्या झाडांपर्यंत जातील. २०१४ साली ते दोघे नदीपर्यंत उतरून, खाली फँटम रँचवर मुक्काम करून वर आले होते. पण दीड मैलाच्या विसाव्यापाशी बाईंनी घड्याळ पाहिले, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पुरे." म्हाताऱ्याने एकदा खालच्या हिरव्या पट्ट्याकडे पाहिले, काठी उलट्या दिशेला टेकवली आणि निघाला. का, कशाला, आणखी थोडे जाऊ या, काही नाही.

वाटेत हिने त्यांना त्याबद्दल विचारले. हिचे इंग्रजी कामापुरते आहे, पण बायकांना एकमेकींशी बोलायला व्याकरण फारसे लागत नाही. बाईंनी सांगितले, की घर विकले त्याच दिवशी दोघांनी एक करार केला होता. दोघांपैकी कुणीही कधीही 'पुरे' म्हणू शकेल, आणि दुसऱ्याने कारण विचारायचे नाही. गाडी चालवण्यापासून टाक्या रिकाम्या करण्यापर्यंत प्रत्येक काम दोघांनाही यायला हवे, हे दुसरे कलम. त्या चौतीस फुटांची गाडी चालवायला एकसष्टाव्या वर्षी शिकल्या. आणि त्याच वसंत ऋतूत, मार्च महिन्यात, एका सकाळी न्याहारी करताना त्या 'पुरे' म्हणाल्या होत्या. आमची भेट झाली ती त्यांची शेवटची सफर होती. डिसेंबरात गाडी विकली जाणार होती.

"मी आणखी दोन वर्षे फिरलो असतो," म्हातारा मागून म्हणाला. आवाजात किंचित रुसवा होता. लपवण्याचा प्रयत्नही नव्हता.

त्यानंतर वर येईपर्यंत ही काही बोलली नाही. मला वाटले, चढ लागतो आहे, गुडघे दुखत असतील. रात्री गाडीत नातवंडे झोपल्यावर ती बाहेरच्या घडीच्या खुर्चीत येऊन बसली. बरीच थंडी होती. थोड्या अंतरावर सांबरासारखी थोराड एल्क हरणे चरत होती. ती म्हणाली, "अहो, आपण नऊ घरं बदलली. मला एकदाही कुणी विचारलं नव्हतं."

मी जे उत्तर दिले ते प्रत्येक बँक अधिकाऱ्याच्या जिभेवर तयार असते. बदलीचा हुकूम येतो, माणूस काय करणार? लातूर, संगमनेर, नगर, बीड, सावंतवाडी, इचलकरंजी, रायपूर, मग मुंबई. दर तीन वर्षांनी ट्रक. गहू-तांदळाचे डबे तसेच, काचेच्या वस्तू जुन्या साड्यांत गुंडाळून. हिने प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहून ठेवायची पद्धत पाडली होती, आणि मी स्टाफमध्ये कौतुकाने सांगत असे, की आमच्या घराची बदली आमची मंडळी एका दिवसात करतात. दोन वर्षांतून एकदा एल.एफ.सी. घेऊन सगळे हिंडूनही येत असू. मला वाटे, मजेत चालले आहे.

पण हुकमाची सबब पुरती खरी नव्हती. १९८९ साली संगमनेरला हिला शाळेत कायम नोकरी मिळाली होती. आठव्या महिन्यात माझी बढती आली. बढती घेतली तर बदली, नाकारली तर तिथेच, हे मला पक्के ठाऊक होते. आमच्याच शाखेत दोघांनी ती बायकोच्या नोकरीपायी नाकारलीही होती. मी रात्री घरी आलो तो पेढे घेऊन. हिने पेढे देवापुढे ठेवले आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांकडे जाऊन राजीनामा दिला. आमच्यात यावर कधीच भांडण झाले नाही. झाले असते तर बरे, असे आता वाटते. पुढे मी पाच कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या दोघींत नोकरी सोडलेल्या बायका आहेत, आणि समीक्षकांनी माझ्या स्त्रीमनाच्या जाणिवेची तारीफ केली आहे. असो.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी मी त्या दोघांना विचारले, आता कुठे राहणार? न्यू मेक्सिकोत सिल्व्हर सिटी म्हणून जुन्या खाणींचे गाव आहे, सुमारे सहा हजार फूट उंचीवर. १९२४ साली अमेरिकेत पहिल्यांदा ज्या रानाला 'हे असेच राहू द्यायचे' म्हणून संरक्षण मिळाले ते गिला रान तिथून जवळ. गावात रुग्णालय, विद्यापीठ, वाचनालय. तिथे त्यांनी दोन खोल्यांचे बैठे घर घेतले होते. एकही पायरी नसलेले. मी म्हटले, निवड कशी केली? तर ते त्या गावी अकरा वर्षांत पाच वेळा राहिले होते. एकदा बर्फात, एकदा वाऱ्याच्या दिवसांत, एकदा भर उन्हाळ्यात, दर वेळी महिनाभर. बाई प्रत्येक वेळी वाचनालयात जाऊन बसत आणि तिथली माणसे बोलतात की नाही ते पाहत. म्हातारा रुग्णालयाच्या दारापर्यंत मोटारीने किती मिनिटे लागतात ते मोजत असे. आणखी चार गावे त्यांनी अशीच तपासली आणि नापास केली होती.

लोक म्हणत ते नुसते भटकताहेत, आणि ही माणसे अकरा वर्षे घर शोधत होती.

परत आलो पुण्याला. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, १९८६ ची इमारत, लिफ्ट नाही. १९९६ साली स्टाफच्या कर्जातून घेतलेले. खिडकीबाहेर तामणाचे झाड, आणि मागच्या खोलीत माझे टेबल व सोळाशे पुस्तके. २०२० पासून हिला जिना जड जात होता. भाजी आणायला दिवसातून एकदाच उतरायचे, म्हणून ती यादी करू लागली होती. मी दर वेळी म्हणायचो, थांब, सोसायटीची पुनर्बांधणी होईल, बारा मजले होतील, दोन लिफ्ट येतील. तीन वर्षांत सोसायटीच्या सात सभा झाल्या. सातवीत पार्किंगवरून दोन सभासद एकमेकांच्या अंगावर धावून गेले.

या वयात घर बदलायचे म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, मुलांना काय वाटेल? २००७ साली केंद्राच्या अर्थसंकल्पातून उलट गहाण कर्जाची योजना आली. साठ वर्षांवरील माणसाने राहते घर बँकेकडे गहाण ठेवायचे आणि बँकेने त्याला दरमहा पैसे द्यायचे. तो आणि त्याची पत्नी हयात असेतो घर त्यांचेच, हप्ता नाही. पुढे वारसांनी रक्कम भरून घर सोडवावे, नाहीतर बँक ते विकून आपले घेईल आणि उरले ते वारसांना देईल. कागदावर उत्तम योजना. मी निवृत्त होईपर्यंत माझ्या हाताखालून अशी फक्त तीन प्रकरणे गेली. चौकशीला मात्र पुष्कळ येत. नवरा-बायको दोघे यायचे, फॉर्म घेऊन जायचे. आठवड्याने म्हातारा एकटाच फॉर्म परत करायला यायचा. "मुलगा नको म्हणतो." कित्येकदा मुलाने नको म्हटलेलेही नसायचे, त्याला विचारण्याआधीच यांना लाज वाटलेली असायची. आपण घरात राहत नाही, आपण घराची राखण करतो, असे मला त्या खुर्चीत बसून अनेकदा वाटले आहे. स्वतःच्या बाबतीत मात्र मी पस्तीस वर्षे तामणाचे झाड पुढे केले असते.

जानेवारी २०२३ मध्ये मी हिला म्हटले, "तू सांग कुठे." ती म्हणाली, "सांगते. पण आधी राहून पाहू."

माझे मन वाईला होते. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, विश्वकोश जिथे घडला ते गाव. लेखकाला आणखी काय हवे? जुलैत महिनाभर खोली घेऊन राहिलो. माझे तर फार सुरेख गेले, सकाळी घाटावर फेरी, दुपारी लेखन. पाऊस मात्र सतत. हिने पंधराव्या दिवशी एवढेच म्हटले, "संध्याकाळी साडेसातनंतर मी इथं कोणाशी बोलू?" माझा रक्तदाब एकदा चढला तेव्हा साताऱ्याला जायला वाहन मिळेपर्यंत तासभर गेला, तोही हिने मोजला होता. मी वाईची बाजू मांडायला सुरुवात केली. दोन वाक्ये झाल्यावर मला तो रुसलेला म्हातारा आठवला, आणि मी गप्प बसलो. तसे गप्प बसणे मला सोपे गेले नाही, हे प्रांजळपणे सांगतो.

दापोलीही करून पाहिली, डिसेंबरात. ती दहा दिवसांत बाद झाली.

मग हिने जे सुचवले ते ऐकून मला हसू आले. आमच्याच घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, लिफ्ट असलेल्या इमारतीत तीन महिने भाड्याने राहून पाहायचे. स्वतःचे घर रिकामे ठेवून दोन गल्ल्यांवर भाडे भरणारा बँक अधिकारी! ओळखीच्यांनी आमचे काही बिनसले की काय, अशा नजरेने पाहिले. पण पहिल्याच आठवड्यात मी एक बदल पाहिला. ही दिवसातून चार वेळा खाली उतरू लागली. सकाळी दूध, मग भाजी, दुपारी भिशीच्या बायका, संध्याकाळी भजनी मंडळ. भाजीची यादी करणे बंद झाले. चार वर्षे ती तिसऱ्या मजल्यावर जवळजवळ कोंडलेली होती आणि मी शेजारच्या खोलीत बसून माणसांच्या मनाचे तळ शोधत होतो.

२०२४ च्या दिवाळीआधी आम्ही जुने घर विकले. पुनर्बांधणीपर्यंत थांबलो असतो तर बरेच अधिक मिळाले असते. किती, ते मी कागदावर मांडून पाहिले आणि कागद फाडून टाकला. नवे घर लहान आहे. अकराशे पुस्तके एका वाचनालयाला दिली. मुलीला फोन करून आधी नव्हे, सगळे ठरल्यावर सांगितले. ती म्हणाली, "बाबा, मी तर केव्हाची म्हणणार होते." मग म्हटली का नाही? तर तिला वाटत होते, आम्हाला वाईट वाटेल.

खोकी हिनेच बांधली, तिच्या जुन्या पद्धतीने, प्रत्येकावर यादी लिहून. या खेपेस खोक्यांच्या दुसऱ्या बाजूला तिने मला लिहायला लावले. माझे अक्षर लागत नाही अशी तक्रार दिवसभर चालू होती.

सिल्व्हर सिटीहून अधूनमधून पत्रे येतात, संगणकावरची. नव्या घरात गेल्यावर पहिले कित्येक आठवडे म्हातारा रात्री दचकून उठायचा आणि घर समतल उभे आहे की नाही ते पाहायचा. गाडी तळावर लावताना चाकांखाली ठोकळे घालून ती सपाट करावी लागते, अकरा वर्षांची सवय. शेवटी बाईंनी त्याच्या हत्यारांच्या पेटीतली पातळी-नळी काढून पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवली. उठला की तो त्यातला बुडबुडा मध्यावर आहे हे पाहतो आणि पुन्हा झोपतो. मागच्या पत्रात त्याने विचारले होते, तुमचा कायमचा पत्ता आता काय? मी ते हिला वाचून दाखवले. ती भाजीची पिशवी घेऊन निघाली होती. म्हणाली, "आल्यावर सांगते," आणि लिफ्टचे बटण दाबले.